शेतीचें अर्थशास्त्र आणि घरची वाटणी

घरांतील एखाद्या मुलानें अगर मुलीनें महाविद्यालयांत कृषि-अर्थशास्त्र हा विषय घेतला, तर “नांगर धरावयाचा आहे काय?” असा प्रश्न वडीलधाऱ्यांकडून हटकून येतो. वस्तुतः या विषयाचा पहिला पाठ नांगराचा नसून हिशेबाच्या वहीचा आहे.

तो पाठ असा. शेतावर दुप्पट मजूर लाविले म्हणून पीक दुप्पट येत नाहीं; यास घटत्या फलाचा नियम म्हणतात. कांदा कितीही स्वस्त झाला तरी कोणी घरीं दुप्पट खात नाहीं. म्हणून पीक थोडें अधिक आलें, कीं भाव त्या मानानें फारच कोसळतो, आणि भरघोस पिकाच्या वर्षींच शेतकरी नाडला जातो. घरच्या माणसांच्या श्रमांचें मोल खर्चांत धरावें, हेंही येथेंच शिकवितात.

परंतु आमच्या वाचकांच्या अधिक जिव्हाळ्याचा पाठ निराळाच आहे. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी करून ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. १७७१ सालीं तेथें एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ सालीं ती साडेसतरा एकरांवर आली, आणि १९१५ च्या सुमारास अवघी ७ एकर उरली. माणसें वाढलीं आणि प्रत्येक पिढींत वाटण्या होत गेल्या. शिवाय प्रत्येक भावास प्रत्येक प्रतीच्या जमिनींतील तुकडा हवा! १९४७ सालीं मुंबई प्रांतानें तुकडेबंदीचा कायदा केला; तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेंत महाराष्ट्राची सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारें सव्वातीन एकरच भरली.

२००५ सालच्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबांतील मुलींसही वडिलोपार्जित मिळकतींत मुलांइतकाच हक्क मिळाला, हें न्याय्यच झालें. अडचण हक्काची नाहीं, तुकड्याची आहे. हक्क चौघांत वांटतां येतो. विहीर, बैलजोडी आणि बांधावरची वाट वांटतां येत नाहीं. मालकी विभागून वहिवाट एकत्र ठेवावी आणि उत्पन्न हिश्श्यानें घ्यावें, हा मार्ग भावंडांस मोकळा आहे. मात्र त्यास चोख हिशेब आणि परस्परांवरील विश्वास, दोन्हीं लागतात.

ज्या घरांत वाटणीचा विषय निघाला असेल, तेथें वकिलाकडे जाण्यापूर्वी हा विषय शिकणाऱ्या मुलास किंवा मुलीस जवळ बसवून एकदां ती वही उघडावी.