अक्षर आधी, छिन्नी मागून

शिर्डीलगतच्या राहात्याच्या शेजारीच असलेल्या संगमनेरात यादव राजा दुसरा भिल्लम याचा शके ९२२चा, म्हणजे इ. स. १०००च्या सुमाराचा, ताम्रपट उजेडात आला. असल्या दानपत्रांचा मजकूर रचणारा, तो पत्र्यावर लिहून देणारा आणि त्या अक्षरांवरून छिन्नी चालविणारा हे पुष्कळदा तीन निरनिराळे इसम असत. ही वाटणी ध्यानी घेतली, म्हणजे वस्तूंवर नावे कोरून देणारा आजचा गृहोद्योगी आपले भांडवल कोठे चुकीच्या जागी गुंतवितो याचा उलगडा होतो.

आहेराच्या तांब्यावर किंवा चमच्यावरसुद्धा दात्याचे संपूर्ण नाव घालण्याची आपली वहिवाट जुनी आहे. भांड्यांच्या दुकानातील कारागीर थरथरत्या टोकाच्या विजेच्या लेखणीने ते क्षणार्धात उमटवितो. परंतु आधी कोणी अक्षर आखून दिलेले नसल्यामुळे शिरोरेघ डगमगते आणि ‘श्री’ची तर दैनाच होते. ही लेखणी काहीशे रुपयांत मिळते, आणि शिर्डीच्या यात्रेकरूंसाठी किल्ल्यांच्या कड्यांवर नावे घालणाऱ्या घरास आरंभी तेवढी पुरे. हातोडीने ठोकायचे तयार ठसेही स्वस्त खरे, पण ते बहुधा रोमन अक्षरांचे व अंकांचे. वेलांट्यांनी आणि जोडाक्षरांनी गजबजलेली नागरी त्यांच्या हिशेबात बसत नाही.

मराठी मुलखात नागरी अक्षर तांब्यावर कोरण्याचा हुन्नर किती सूक्ष्म होऊ शकतो याचा दाखला म्हणजे, पुण्याचा इंग्रज रेसिडेंट मॅलेट याच्या प्रेरणेने एका तांबटाने आत्मसात केलेली, छपाईसाठी उलटी अक्षरे कोरण्याची विद्या. तिच्याच बळावर मिरजेस तेथील संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली ताम्रपत्रांवरून गीता छापली गेली.

तशी सूक्ष्मता कमी खर्चात साधायची, तर रसायनाचा आश्रय घ्यावा. पितळेच्या अगर तांब्याच्या वस्तूवर रंगाचा पातळ लेप द्यावा, अक्षरापुरता तो सुईने खरवडावा आणि वस्तू प्लास्टिकच्या भांड्यात फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवावी. उघडी पडलेली धातू तेवढीच खाल्ली जाते. लहान डायोड लेझर उघड्या पितळेवर जवळजवळ निरुपयोगी, परंतु तोच रंगाचा लेप अक्षराच्या आकाराने जाळून देण्यास उत्तम, म्हणजे येथेही त्याने लिहायचे आणि द्रावणाने कोरायचे. थेट धातूवर कोरणारा फायबर लेझर मात्र लाखाच्या घरात जातो, व मागणीची खात्री होण्याआधी तो घेणे म्हणजे कर्ज अंगावर ओढवून घेणे होय. असाच लेप देऊन अक्षर खरवडलेली पोलादी वस्तू बॅटरीच्या धन टोकास जोडून, ऋण टोकास जोडलेला मिठाच्या पाण्याचा बोळा फिरविल्यासही ठसा उमटतो; तथापि स्टेनलेस स्टीलमधून या रीतीने विषारी क्रोमियम सुटण्याचा संभव असल्यामुळे मी तरी ती स्वयंपाकघराच्या आसपास करू देणार नाही. फेरिक क्लोराइड हाताळताना हातमोजे व चष्मा हवाच, आणि वापरून झालेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते, सबब ते मोरीत किंवा राहात्याच्या पेरूच्या बागेत ओतता कामा नये.