बोलता बोलता ऐकणे

हातात मावणारा हॅम रेडिओचा संच पाच वॅटने बोलतो, तरी सपाट माळावर उभ्या दोन माणसांचे संभाषण आठ-दहा किलोमीटरवर तुटते. दोष शक्तीचा नाही. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. क्षितिज आड आले की संपले. सह्याद्रीत तर पहिली डोंगरसोंडच पुरते. मात्र सिंहगडासारख्या, भोवतालच्या मुलखाहून सुमारे साडेसातशे मीटर उंच जागी अँटेना गेली, तर हिशेबाने तिचे क्षितिज शंभर किलोमीटरपलीकडे सरकते. म्हणून डोंगरावर एक मध्यस्थ बसवायचा. दरीतला क्षीण आवाज त्याने ऐकायचा आणि त्याच क्षणी जोरात पुन्हा सांगायचा. हाच रिपीटर. पुरात मोबाइलचे मनोरे मुके होतात तेव्हा बॅटरीवरचा असा एक संच मोठ्या टापूला बोलते ठेवू शकतो.

दोन जुने गाडीतले संच घ्यावेत, एकाच्या स्पीकरची तार दुसऱ्याच्या माइकला जोडावी, झाले, असे वाटते. आमच्या पहिल्या जोडणीने टक-टक-टक असा नाद धरला. आवाज आला की ट्रान्समीटर चालू होई, त्याने शेजारचा रिसीव्हर बहिरा होई, आवाज नाही म्हणून ट्रान्समीटर बंद पडे, की पुन्हा ऐकू येई!

आकडे पाहिले की कारण कळते. चांगला रिसीव्हर ०.२ मायक्रोव्होल्टचा संदेश ऐकतो. शेजारी १० वॅटचा ट्रान्समीटर. दोन्ही शक्तींचे प्रमाण एकावर सोळा शून्ये. ढोल-ताशाच्या पथकात उभे राहून पलीकडच्या गल्लीतली कुजबुज ऐकायची, असा हा प्रकार. त्यातून प्रघाताप्रमाणे ऐकण्याची आणि बोलण्याची कंप्रता यांत अंतर फक्त ०.६ मेगाहर्ट्झ, म्हणजे अर्धा टक्काही नाही. शिवाय ट्रान्समीटर आपल्या कंप्रतेच्या आजूबाजूलाही थोडी खरखर सांडतो, ती थेट रिसीव्हरच्या घरात पडते. रिसीव्हरकडे कितीही गाळण्या लावल्या तरी ही खरखर जात नाही. ती ट्रान्समीटरच्या तोंडाशीच गाळावी लागते. म्हणून दोन्हीकडे धातूचे, साधारण अर्धा मीटर उंचीचे पोकळ डबे लागतात. या संचाला डुप्लेक्सर म्हणतात आणि तयार घेतला तर तो बाकी सगळ्या सामानाहून महाग पडू शकतो. तांब्याच्या नळ्यांपासून घरी करणारे हौशी आहेत, पण मोजमापाची उपकरणे आणि चिकाटी दोन्ही हवीत.

स्वस्तातली पहिली पळवाट पोपटाची. एकच संच, एकच कंप्रता. बोलणे ध्वनिमुद्रित करायचे, मग ऐकवायचे. बहिरेपणाचा प्रश्नच नाही, मात्र प्रत्येक वाक्याला दुप्पट वेळ. घाईच्या प्रसंगी जीव मेटाकुटीला येतो.

मला दुसरी पळवाट अधिक शहाणी वाटते: एका पट्ट्यात ऐकायचे, दुसऱ्यात बोलायचे. ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झचा पट्टाही आपल्याकडे हौशींना खुला आहे, आणि आजचे स्वस्त हातसंच दोन्ही पट्टे जाणतात. अंतर तिपटीचे असल्याने चार कॉइल-कपॅसिटरची गाळणी भागवते. इथेच एक खोच आहे. १४५ ची तिप्पट ४३५! ट्रान्समीटरचा तिसरा गुणज नेमका रिसीव्हरवर आदळू शकतो. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेला हॅमसॅट हा आकाशातला असाच मध्यस्थ. तो ४३५.२५ च्या आसपास ऐके आणि १४५.९ जवळ बोले. त्याची तिप्पट ४३७.७, म्हणजे ऐकण्याच्या जागेपासून दूर. जमिनीवर आपल्याला उलटेही करता येते, १४५ वर ऐकून ४३५ वर बोलायचे. मग तिपटीची भीती उरत नाही.

परवान्याचे आधीच सांगायला हवे होते. हॅमचा परवाना असला तरी रिपीटरला केंद्र सरकारची वेगळी अनुमती लागते.

उरते ती उष्णता. हातसंच थोडे बोलून बराच वेळ गप्प बसण्यासाठी घडवलेला. रिपीटर तासभर बोलत राहतो. शक्ती कमी ठेवावी, पंखा लावावा. १० वॅट बाहेर पाठवताना १२ व्होल्टच्या बॅटरीतून तीनेक अँपिअर जातात, सौर पॅनेल त्या हिशेबाने घ्यावे, तेही आषाढातले ढग धरून. आणि अँटेनाच्या केबलचे जोड रबरी टेपने नीट गुंडाळावेत. आमच्या जोडात पहिल्याच पावसात पाणी शिरले होते.