प्रेमपत्रांतील फ्रेंच शब्द

पनवेलजवळच्या नेरे गांवीं एखादा तरुण आपल्या वाग्दत्त वधूस पत्र लिहीत आहे, अशी कल्पना करा. मजकुरास गोडी यावी म्हणून अखेरीस तो फ्रेंच वाक्य योजतो : ‘ज तेम’, म्हणजे ‘माझें तुझ्यावर प्रेम आहे.’ येथवर सारें ठीक. परंतु अधिक जोर यावा म्हणून त्यानें पुढें ‘बियें’, म्हणजे ‘चांगलें’, हा शब्द जोडला, कीं अनर्थ झालाच ! त्या शब्दानें प्रेम वाढत नाहीं, उलट उतरतें. ‘तूं मला बरी वाटतेस’ इतकाच स्नेह उरतो.

‘प्रिये’ म्हणावयाचें तर ‘मा शेरी’. परंतु ‘मों अमूर’ हें संबोधन स्त्रीसही तसेंच राहतें, कारण ‘अमूर’, म्हणजे प्रेम, हा शब्दच तेथें पुल्लिंगी आहे.

विरहांत फ्रेंच मनुष्य म्हणतो, ‘त्यु म मांक’. शब्दशः, ‘तूं मला उणी आहेस.’ ही रचना आपणांस परकी वाटूं नये. ‘मला तुझी उणीव भासते’ असें आपणही म्हणतोंच. दोन्हीं भाषांत ‘मी’ कर्ता नाहीं.

माधव जूलियन यांची ‘गज्जलांजली’ १९३३ सालीं निघाली. त्यापूर्वीं, १९२५ मध्यें, त्यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध झाला होता. परभाषेंतून प्रेमाचे शब्द आणणाऱ्यानें हा क्रम ध्यानांत ठेवावा : आधीं अर्थ जाणावा, मग शब्द उसना घ्यावा. नाहीं तर आपली मराठी आहेच. तींत निदान फसगत तरी होणार नाहीं.