आशा सोडली की मालकी सुटली

समजा, येलदरीला पूर्णेच्या पुरात एखाद्याच्या घराची तुळई वाहून गेली आणि खालच्या शिवारात दुसऱ्याच्या बांधाला लागली. आता ती कोणाची? यहुद्यांच्या तलमूद या ग्रंथात नेमका असाच प्रश्न आहे. मूळ मालकाने आशा सोडली असेल, तर शेतवाल्याची. पण तो तुळईमागे धावत आला, तर मुकाट्याने परत द्यावी! या आशा सोडण्याला तेथे 'येउश' म्हणतात.

शब्दाचे मूळ बायबलच्या हिब्रूत आहे. आपली 'निराशा' मनाची उदासी सांगते. हा शब्द मात्र नाद सोडल्याचे सांगतो. म्हणूनच तो दर वेळी दुःखाचा नसतो, ही मोठी गंमत. शौल राजा जिवावर उठला तेव्हा, आपण परमुलखात गेलो म्हणजे तो आपला नाद सोडील, असे दाविदाने मनाशी म्हटले. तेथे हाच शब्द आहे. पारध्याची निराशा ते हरणाचे जीवदान!

यिर्मयाच्या ग्रंथात मात्र जीव चरकतो. चाकावर बिघडलेल्या मातीचे कुंभार पुन्हा भांडे घडवतो, तुम्हीही मागे फिरा, असे सांगितल्यावर लोकांचे पहिलेच उत्तर, 'नोआश!' म्हणजे, आता काही उपयोग नाही.

हे उतारे मूळ हिब्रूवरून सोप्या मराठीत आणणाऱ्यांत केडगावच्या पंडिता रमाबाई होत्या. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरी भाषांतराची मुद्रिते तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तेव्हा ते काम नुकतेच हातावेगळे झाले होते.