‘सॅस्क्वॉच’ : एका शब्दाची मुशाफिरी आणि एका गावाचा उत्सव

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकूव्हर नगराच्या पूर्वेस सुमारे १३० किलोमीटरवर, हॅरिसन सरोवराच्या दक्षिण तीरी ‘हॅरिसन हॉट स्प्रिंग्ज’ हे उष्णोदकाच्या झऱ्यांचे लहानसे गाव आहे. तेथील वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. जून महिन्यात या गावी ‘सॅस्क्वॉच डेज’ नावाचा उत्सव भरतो. अंगभर केस असलेला, मनुष्याप्रमाणे दोन पायांवर चालणारा आणि त्या प्रदेशातील घनदाट अरण्यात वावरणारा जो महाकाय प्राणी अमेरिकेत ‘बिगफूट’ या नावाने ख्यातनाम आहे, त्याच्या नावाने भरणारी ही जत्रा होय. असा प्राणी आहे किंवा नाही, हा प्रश्न प्राणिशास्त्राचा आहे, आणि त्या शास्त्राच्या हाती अद्याप एखादे हाड अथवा कातडे लागलेले नाही, एवढे सांगून तो येथे बाजूस ठेवणे इष्ट. भाषेच्या अभ्यासकास या उत्सवात दुसरेच काही पाहावयास मिळते. जगभर गेलेला एक शब्द आणि बोलणारी माणसे जवळजवळ उरली नाहीत अशी त्याची मातृभाषा, ही दोन्ही येथे एकाच मंडपात आढळतात.

प्रथम शब्दाकडे वळू. हॅरिसन नदीच्या काठी ‘स्ताहेलिस’ हा आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव दीर्घकाळ ‘चेहालिस’ असे लिहिले जाई. त्यांची भाषा हल्कोमेलम. ही सॅलिश भाषाकुलातील असून फ्रेझर नदीचे खोरे आणि व्हँकूव्हर बेट येथे तिच्या तीन प्रमुख बोली आहेत. नदीच्या वरच्या अंगाच्या बोलीत या अरण्यवासी जीवाचे नाव साधारणपणे ‘सास्क़ेच़’ असे उच्चारले जाते. आघात पहिल्या अवयवावर आहे. मधला ‘क़’ आपल्या कंठ्य ‘क’सारखा नव्हे, जिभेचे मूळ पडजिभेशी टेकवून आणि त्याच क्षणी कंठद्वार मिटून तो काढतात, म्हणून तो फुटताना खटका ऐकू येतो. अरबी ‘क़लम’मधील ‘क़’चे स्थान हेच असले, तरी हा कंठद्वारीय खटका त्यात नाही. शब्दान्तीचा ‘च़’ मात्र मराठी माणसाच्या जिभेस अपरिचित नाही. ‘चार’ या संख्येतील ‘च’ निराळा आणि गुरांच्या ‘चाऱ्या’तील ‘च’ निराळा, हे आपण न शिकवताच जाणतो. त्यांचा ‘च़’ हा आपल्या ‘चाऱ्या’तील दन्त्य ‘च’च्या अगदी जवळचा आहे.

इंग्रजीत हा शब्द गेला तो जे. डब्ल्यू. बर्न्स यांच्या लेखणीतून. हे गृहस्थ चेहालिस वस्तीवरील शाळेत शिक्षक होते. तेथील वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकती त्यांनी लिहून ठेवल्या, आणि १९२९ च्या एप्रिलमध्ये ‘मॅक्लीन्स’ या कॅनेडियन मासिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यांनी रूढ केलेल्या ‘सॅस्क्वॉच’ या रूपात मूळ शब्दाची बरीच झीज झालेली दिसेल. पडजिभेचा खटका गेला. दन्त्य ‘च़’चा तालव्य ‘च’ झाला. आणि मुळात नसलेला एक ‘व’ मध्येच उपटला. इंग्रजी लेखनात ‘क्यू’ या अक्षरामागे ‘यू’ लिहिण्याची जी सवय आहे, तिचा हा परिणाम असावा असे मानण्यास जागा आहे. लेखन उच्चाराचे अनुयायी असते असे आपण समजतो. येथे मात्र लेखनानेच उच्चारास ओढून नेलेले दिसते.

‘बिगफूट’ हे नाव याहून धाकटे आणि सर्वस्वी वर्तमानपत्री आहे. १९५८ साली उत्तर कॅलिफोर्नियात, ब्लफ क्रीक या ओढ्याजवळ रस्त्याचे काम चालू असता जेरी क्रू नावाच्या बुलडोझर-चालकास प्रचंड पाऊलखुणा आढळल्या. त्यांपैकी एकीचा त्याने प्लास्टरमध्ये ठसा घेतला, व ‘हंबोल्ट टाइम्स’चे अँड्र्यू जेन्झोली यांनी ती वार्ता कामगारांच्या तोंडचे ‘बिगफूट’ हे नाव घालून छापली. तारायंत्राने ती देशभर गेली. त्या कामाचे कंत्राटदार रे वॉलेस हे २००२ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांनी लाकडी पावले पुढे आणून ती थट्टा त्यांचीच होती असे सांगितले. तोपर्यंत त्या नावाने आपले पाय, म्हणावयाचे तर, घट्ट रोवले होते. जवळचे विलो क्रीक हे गाव आजही आपणास बिगफूटची राजधानी म्हणवते आणि त्याचा स्वतःचा वार्षिक उत्सव साजरा करते. परंतु तेथील नाव इंग्रजी, आणि हॅरिसनचे नाव स्ताहेलिसांचे. हा भेद अभ्यासकाने विसरता कामा नये.

हिमालयातील भावंडाचीही कथा अशीच आहे. १९२१ मध्ये हॉवर्ड-ब्यूरी यांच्या एव्हरेस्ट-पाहणीच्या तुकडीला बर्फात पाऊलखुणा दिसल्या. त्यासंबंधी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये लिहिणाऱ्या हेन्री न्यूमन यांनी हमालांच्या तोंडच्या शब्दाचे ‘किळसवाणा हिममानव’ असे चुकीचे भाषांतर केले. मराठीतील ‘हिममानव’ हा शब्द त्याच भाषांतराचे, विशेषण गाळलेले, अपत्य होय. ‘येती’ या शेर्पा शब्दाची गत तर अधिक मौजेची आहे. त्याच्या पूर्वपदाचा संबंध खडकाशी लावला जातो. पण आपल्याकडे तो ‘यती’ असा लिहिला जातो आणि मग हिमालयात तप करणाऱ्या संस्कृत ‘यति’शी त्याचे नाते सहजच जुळते. एप्रिल २०१९ मध्ये भारतीय सैन्याने मकालू शिखराजवळील पाऊलखुणांची छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा ही लोकव्युत्पत्ती पुन्हा पुष्कळांच्या तोंडी आली.

आता उत्सव. पहिले ‘सॅस्क्वॉच डेज’ १९३८ साली हॅरिसन येथे भरले, आणि त्यामागेही बर्न्स यांचाच पुढाकार होता. या सालाचे महत्त्व ध्यानी घेतले पाहिजे. आदिवासींचे पॉटलॅच व हिवाळी नृत्यसमारंभ कायद्याने निषिद्ध असल्याचा तो काळ. हा निर्बंध १८८५ मध्ये लागू झाला व १९५१ मध्ये उठला. स्वतःच्या वस्तीबाहेर पारंपरिक वेष घालून जत्रेत नाचावयाचे तर सरकारी परवानगी लागे. म्हणजे ज्यांच्या कथेवर उत्सव उभा राहिला, त्यांना त्यात यावयासही अनुज्ञा घ्यावी लागत होती. पुढे १९५७ मध्ये ग्रामपरिषदेने प्रांताच्या शताब्दी-निधीतून सॅस्क्वॉच-शोधमोहिमेसाठी पैसे मागितले. ते मिळाले नाहीत, पण वृत्तपत्रांतून गावाचे नाव मात्र दूरवर पोहोचले. हौशी संशोधकांची परंपरा येथे रुजली ती त्याच सुमारास. तिच्यातील जॉन ग्रीन हे स्थानिक वृत्तपत्राचे संपादक होते.

गेल्या दशकाहून अधिक काळ हा उत्सव गाव आणि स्ताहेलिस समाज मिळून करतात, आणि त्यामुळे त्याचे रूप पालटले आहे. प्रस्तुत लेखकास तो पाहण्याचा योग आला तेव्हा एका बाजूस पाऊलठशांची चित्रे असलेले सदरे, लाकडात कोरलेले सॅस्क्वॉच आणि त्यांच्याशेजारी उभी राहून छायाचित्रे काढून घेणारी मुले होती. दुसऱ्या बाजूस सरोवरावर लांब नौकांच्या शर्यती चालू होत्या आणि विस्तवावर सामन मासे भाजले जात होते. ध्वनिक्षेपकावरून स्वागत झाले ते ‘एय स्वायेल’, म्हणजे ‘शुभ दिवस’, या हल्कोमेलम शब्दांनी. नंतरचे सारे अर्थातच इंग्रजीत.

स्ताहेलिसांच्या लेखी सास्क़ेच़ हा पकडावयाचा प्राणी नाही. तो त्यांच्या भूमीचा रक्षक आहे. दृश्य व अदृश्य अशा दोन्ही लोकांत त्याचा संचार असतो, आणि तो दिसणे हे भाग्य समजले जाते. कोकणातील वाचकास हे फारसे समजावून सांगावे लागू नये. गावच्या राखणदाराला नारळ देणाऱ्यास त्याची उंची किती आणि पावलाची लांबी किती, असे कोणी विचारीत नाही. हौशी शोधक मात्र कॅमेरे व मोजपट्ट्या घेऊन हेच विचारीत येतात. दोघेही एकच नाव घेतात, पण त्या नावाचे अर्थ दोन आहेत. अर्थविचाराच्या वर्गात उदाहरण म्हणून द्यावे असे हे प्रकरण आहे.

आणि त्या भाषेची अवस्था? आदिवासी मुलांना घरांतून उचलून निवासी शाळांत घालण्यात आले, आणि तेथे मातृभाषा बोलणे हा शिक्षेस पात्र अपराध ठरला. याच खोऱ्यातील मिशन या गावची तशी शाळा १९८४ पर्यंत चालू होती. परिणामी वरच्या बोलीचे जन्मभाषक आज एका हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. ब्रेंट गॅलोवे यांनी १९७० पासून वृद्ध भाषकांसमवेत काम केले आणि २००९ मध्ये या बोलीचा मोठा कोश प्रसिद्ध झाला. रोमन अक्षरांत स्वल्पचिन्हे घालून सिद्ध केलेली तिची लिपी शाळांतून शिकविली जाते. तरुण मंडळी ती शिकतात, काही शिकवूही लागली आहेत. नौकांच्या शर्यती पाहताना शेजारच्या एका आदिवासी तरुणीने आपल्या लहानग्याकडून ‘सास्क़ेच़’ हा शब्द चार वेळा म्हणून घेतला. खटका त्याला तिसऱ्या खेपेस साधला.

मराठी लेखनापुरते सुचवावयाचे ते इतकेच की, इंग्रजी वार्तांतून येणाऱ्या प्राण्यासाठी ‘सॅस्क्वॉच’ हे रूप खुशाल वापरावे, कारण ते आता इंग्रजी शब्दच आहे. परंतु स्ताहेलिसांच्या रक्षकाविषयी लिहिताना ‘सास्क़ेच़’ असे लिहावे. त्यासाठी लागणारा नुक्ता आपल्या छापखान्यांत आहे, आणि त्यातील दन्त्य ‘च’ तर आपल्या तोंडातच आहे.