सात आमदारांचा विरोधी पक्षनेता

१९७२ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात काँग्रेसचे २२२ आमदार निवडून आले आणि शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) सात. त्या सातांतले दि. बा. पाटील विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. २०२४ च्या निवडणुकीनंतर २८८ जणांच्या सभागृहात एका विरोधी पक्षाकडे वीस आमदार होते, पण एकदशांश संख्याबळाचा मुद्दा निघाला आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. वीस पुरत नाहीत आणि सात पुरत होते, हे कसे, याचा शोध घेतला तर आपल्या संघराज्यातल्या पक्षपद्धतीचे बरेचसे मर्म हाती लागते.

आपल्याकडे पक्षांचा अभ्यास दिल्लीहून सुरू होतो आणि बहुधा दिल्लीतच संपतो. निवडणूक आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये आम आदमी पक्षाला राष्ट्रीय दर्जा दिला; तृणमूल, राष्ट्रवादी आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा काढून घेतला. त्यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. आयोगाला चिन्हे राखून ठेवायची असतात, म्हणून त्याला टक्केवारी लागते; ते ठीक. पण पक्षाचे मोल मापायला अभ्यासकांनीही तीच टक्केवारी वापरावी, हे मला कधी पटले नाही. राज्यातल्या पक्षांचा विषय निघाला की हेच लोक द्रमुक, अकाली दल, तेलुगू देसम यांची नावे घेतात. अण्णादुराईंनी १९४९ मध्ये पक्ष काढला आणि १९६७ मध्ये मद्रासची सत्ता घेतली. तेलुगू देसमच्या रामारावांना तर सत्तेसाठी नऊ महिने पुरले. या कथा सांगून झाल्या आहेत. मला आस्था आहे ती स्वतःच्या बळावर कधीच मुख्यमंत्री देऊ न शकलेल्या आणि तरीही राज्याच्या कायद्यांवर आपली बोटे उमटवून गेलेल्या पक्षांची. मते खाणारे पक्ष म्हणून त्यांची बोळवण करणाऱ्यांशी माझे जुने भांडण आहे. त्यांनी एकदा विधानसभेची छापील कार्यवृत्ते घेऊन बसावे.

महाराष्ट्राला द्रमुकसारखा स्वतःचा पक्ष का लाभला नाही? लाभता लाभता राहिला, असे माझे मत आहे. तो पक्ष शेकाप झाला असता. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीतून आलेल्या केशवराव जेध्यांनी बहुजन समाजाला काँग्रेसमध्ये नेले. पुढे काँग्रेसमध्ये शेतकऱ्याची कदर होत नाही, म्हणून १९४७-४८ मध्ये जेधे, शंकरराव मोरे आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. मालेगाव तालुक्यातल्या दाभाडीला १९५० मध्ये पक्षाने मार्क्सवादाचा स्वीकार करणारा प्रबंध मंजूर केला. गावच्या पाटलाच्या वाड्यापासून शेतमजुराच्या झोपडीपर्यंत पोचलेल्या पक्षाने एवढी मोठी वैचारिक उडी घेतल्याचे दुसरे उदाहरण मला भारतात दिसत नाही. फाटाफूट लगेच झाली. नाना पाटील कम्युनिस्टांकडे गेले, दत्ता देशमुखांनी वेगळी वाट धरली, आणि १९५४ मध्ये जेधे-मोरे स्वगृही परतले. त्यानंतर यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाने बहुजन समाजातला उरलेला कर्ता माणूस वेचून नेला. साखर कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद हे सगळे एका बाजूला आणि लाल बावटा दुसऱ्या बाजूला. अशा वेळी जे राहिले, ते का राहिले, हा प्रश्न विचारायला हवा.

समाजवाद्यांच्या फुटी आणि विलीनीकरणे मी इथे मोजत बसत नाही. नाथ पै आणि मधू दंडवते यांचे राजापूर, स. का. पाटलांना हरवणारे १९६७ चे जॉर्ज फर्नांडिस, पाण्यासाठी मुंबई हलवणाऱ्या मृणाल गोरे हे वैभव खरेच. १९७७ मध्ये समाजवादी पक्ष जनता पक्षात विसर्जित झाला आणि संघटनेचा सांगाडा पुन्हा उभा राहिला नाही. रिपब्लिकन पक्षाच्या गटांची यादी देणे तर क्लेशाचे आहे. १९९८ मध्ये ऐक्य झाले तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले, एवढी एक नोंद पुरे आहे.

गोव्यात मात्र लहान प्रदेशाचा पक्ष पहिल्याच निवडणुकीत सत्तेवर आला. १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतकने डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सना मागे टाकले. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या मागणीवर उभा राहिलेला हा पक्ष १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात हरला. तरी त्यानंतरची निवडणूक जिंकला. त्याचे कारण कुळकायद्यात आणि गावोगावच्या प्राथमिक शाळांत आहे, भाषेच्या वादात ते शोधणाऱ्यांना सापडणार नाही. बेळगावच्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दुखणे उलटे. एकाच मागणीवर तिने पिढ्यान्‌पिढ्या माणसे धरून ठेवली, पण नळ, गटार, रस्ता यांचे राजकारण दुसऱ्यांच्या हाती जाऊ दिले, आणि २०२१ मध्ये महापालिकाही गेली.

आता शेकापकडे येतो. १९६२ मध्ये २६४ पैकी काँग्रेसचे २१५ आणि शेकापचे पंधरा. कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले ते १९७२ पर्यंत. मग दि. बा., पुढे गणपतराव देशमुख, ऐंशीच्या दशकात दत्ता पाटील. एकदशांशाची अट राज्यघटनेत तेव्हाही नव्हती, आजही नाही. विरोधकांत जो मोठा, त्याने सरकारला जाब विचारावा, एवढी साधी समज दोन्ही बाकांवर होती. ही माणसे अंदाजपत्रकाच्या मागण्या ओळ न्‌ ओळ वाचून येत. कपात सूचना, तारांकित प्रश्न, अर्ध्या तासाची चर्चा ही आयुधे त्यांच्या हातात शोभत. पत्रकार कक्षात बसणाऱ्या आम्हा तरुणांना खात्याच्या अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळे, की आज कोण बोलायला उठणार आहे. दुष्काळ, खंडकरी शेतकरी, धरणग्रस्त, कापसाचा भाव हे विषय या बाकांवरून वर्षानुवर्षे मांडले गेले. रोजगार हमी योजनेचे श्रेय वि. स. पागे यांना द्यायलाच हवे, पण १९७२ च्या दुष्काळात कामासाठी आणि रास्त मजुरीसाठी रस्त्यावर उतरलेल्या डाव्या पक्षांवाचून ती योजना कायद्यापर्यंत पोचली नसती.

सभागृहात बोललेले रस्त्यावर उतरवायची ताकद होती, म्हणून त्या बोलण्याला धार होती. रायगडात ही परंपरा पक्षाहून जुनी आहे. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून खोतांविरुद्ध १९३३ पासून वर्षानुवर्षे शेती पाडून ठेवली होती. त्याच मातीत जानेवारी १९८४ मध्ये उरणचा लढा झाला. नवी मुंबई आणि बंदरासाठी जमिनी गेलेल्या आगरी, कोळी, कराडी कुटुंबांना दि. बां.नी एकत्र आणले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. भूसंपादनात शेतकऱ्याला विकासाचा वाटेकरी मानणारा हा निर्णय ज्या पक्षाच्या लढ्यातून आला, त्याला लोकसभेच्या जागांवरून जोखणारे विद्वान मी पाहिले आहेत. २००८ मध्ये महामुंबई सेझविरुद्ध याच जिल्ह्यातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचे मत अजमावावे लागले. त्यामागे शेकापचे एन. डी. पाटील होते. एनरॉन असो, की वयाची ऐंशी उलटल्यावर कोल्हापूरचा टोल असो, हा माणूस आकडे तोंडपाठ करून मोर्चाच्या पुढे चालत होता.

आणि सांगोला. गणपतराव १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले. १९७२ आणि १९९५ मध्ये पडले. एकूण अकरा वेळा जिंकले, सगळ्या वेळा एकाच पक्षाकडून. दोनदा मंत्री होते, तरी एसटीने फिरत. माणदेशात पाऊस नाही, मोठा कारखानदार नाही. तिथे त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. टेंभू-म्हैसाळच्या पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत ते वर्षामागून वर्षे येत राहिले. मी त्या परिषदांना गेलो आहे. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले शेतकरी कोणत्या कालव्याची कोणत्या किलोमीटरला किती रक्कम अडली आहे, हे एकमेकांना सांगत. ते ज्ञान त्यांना पक्षाने दिले होते. गणपतराव भाषणात आवाज चढवत नसत. फाइल कुठे थांबली, एवढे सांगून खाली बसत आणि लोकांना पुढचे कळे.

शेकाप का ओसरला, याचे तयार उत्तर उदारीकरण हे आहे. ते मला अपुरे वाटते. १९७८ मध्ये तेरा, १९८५ मध्ये पुन्हा तेरा, १९९५ मध्ये सहा, २००४ मध्ये दोन, २०१९ मध्ये एक, हा उतार पाहताना त्याच काळातली जागावाटपे शेजारी ठेवून पाहावीत. मोठ्या पक्षाशी आघाडी केली की चार तालुके मिळतात आणि उरलेल्या जिल्ह्यांत पक्षाचे खटारा हे चिन्ह मतपत्रिकेवरच नसते. दोन निवडणुका चिन्ह दिसले नाही की कार्यकर्ता आधी दुसऱ्याच्या प्रचाराला जातो, मग दुसऱ्याच्या पक्षात. नांदेड, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर इथली पक्षाची घरे अशीच रिकामी झाली. ज्यांनी आघाड्यांचे हे धोरण व्यवहारी म्हणून वाखाणले, त्यांच्याशी मी तेव्हाही वाद घातला होता. स्वबळावर चाळीस ठिकाणी हरणारा पक्ष चाळीस तालुक्यांत जिवंत असतो.

कायद्यानेही लहानांचे हित पाहिले नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदीत एक तृतीयांश फुटीची पळवाट होती. २००३ च्या दुरुस्तीने ती बुजवली आणि दोन तृतीयांश विलीनीकरणाची ठेवली. त्यात लहान पक्ष गिळायची सोय अधिक आहे, कारण तीन आमदारांच्या पक्षातले दोन फोडायला फारसे काही लागत नाही. मोठ्या पक्षांनाही हे दिवस सुखाचे गेले नाहीत. २०२३ मध्ये शिवसेना आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादी यांची नावे आणि चिन्हे आयोगाच्या निकालाने एका गटाकडे गेली. पक्ष म्हणजे आमदारांची बेरीज, असे एकदा ठरले की दाभाडीसारख्या प्रबंधाला, शाखेला, वर्गणीला आणि अभ्यासवर्गाला काही अर्थ उरत नाही. हे मला फार लागते. मुख्यमंत्री कोण, यावर आजच्या वाहिन्या रात्र रात्र जागवतात. पुरवणी मागण्यांवर कोण काय बोलले, हे छापायला जागा नसते.

२०२१ मध्ये गणपतराव गेले, २०२२ मध्ये एन. डी. गेले. २०२४ मध्ये शेकापचे जयंत पाटील विधान परिषदेची निवडणूक हरले आणि त्याच वर्षी सांगोल्यातून गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुख शेकापचे एकमेव आमदार म्हणून विधानसभेत आले. सभागृहात बोलण्याची वेळ संख्याबळानुसार मिळते, त्यामुळे एका आमदाराच्या पक्षाची पाळी चर्चेच्या शेवटी येते. ती पाळी लवकर यावी आणि विरोधी पक्षनेतेपदाला १९७२ चाच निकष लावावा, हे दोन्ही अध्यक्षांच्या अधिकारातले आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.