भाड्याच्या घरातील पाण्याचे खाते

पुण्या-मुंबईतील आपल्या समाजाच्या अनेक कुटुंबांना सध्या एका अपरिचित खर्चाला तोंड द्यावे लागत आहे. जुनी इमारत पुनर्विकासाला जाते आणि पुढील दोन-तीन वर्षे भाड्याच्या सदनिकेत काढावी लागतात. भाडे विकासक देतो, सामान हलविण्याचा खर्चही बहुधा देतो. पाण्याचे बिल मात्र कोणाच्याच हिशेबात धरलेले नसते. पुण्यातील पेठेत राहणाऱ्या माणसाला पाणीपट्टी म्हणजे मिळकतकराच्या बिलातील एक ओळ एवढेच ठाऊक असते. तोच माणूस उपनगरातील एखाद्या नव्या सोसायटीत राहावयास जातो. तेथे निम्मे पाणी टँकरचे असते, प्रत्येक सदनिकेला मीटर बसविलेले असते आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बिल हाती पडते.

माझ्या परिचयातील एका व्यापारी कुटुंबात या बिलावरून चांगलेच मनस्ताप झाले. घरात सात माणसे. बिल ४६ युनिटांचे आणि रक्कम दरमहा चार आकड्यांत. वडीलधाऱ्यांचा संशय सोसायटीवर, सासूबाईंचा संशय कपडे धुण्याच्या यंत्रावर आणि पर्यायाने सुनेवर. घरमालकास विचारले, तर ‘वापर तुमचा, बिल तुमचे’ असे उत्तर मिळाले. या साऱ्यात घरातील आजींनी स्वतःच्या स्नानाचे पाणी अर्ध्या बादलीवर आणले. ज्यांचा वापर मुळातच कमी, त्यांनीच तो आणखी कमी केला आणि बिलात फरक पडला नाही तो नाहीच. मजकडे त्यांनी ते बिल आणून दाखविले, तेव्हा मी एवढेच म्हटले की, पेढीवर रोकड कमी पडली, तर आपण प्रथम माणसांवर संशय घेत नाही, किर्द तपासतो. येथेही तेच करावे.

किर्द म्हणजे मीटर. पाण्याचे एक युनिट म्हणजे एक घनमीटर, अर्थात १,००० लिटर. मीटरवरील काळे आकडे सामान्यतः पूर्ण युनिटांचे आणि लाल आकडे त्याच्या अंशांचे असतात. नव्या इमारतींत एका सदनिकेला दोन-तीन ठिकाणांहून नळजोड येतात व तितकेच मीटर असतात. ते सर्व पाहावे लागतात. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी आपल्याकडे दर माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. सात माणसांचे दिवसाला ९४५ लिटर, म्हणजे महिन्याला सुमारे २८ युनिट. या कुटुंबाचे ४६ युनिट होते. माणशी दिवसाला जवळजवळ २१९ लिटर! ज्या घरात पाण्याच्या थेंबालाही जीव मानतात, त्या घरात हा आकडा वापराचा असणे मला संभवनीय वाटले नाही. फरक कोठे तरी ‘नावे’ पडत होता.

तो शोधण्याची रीत अगदी सोपी आहे. रात्री अकराला सर्वजण झोपल्यावर मीटरचे छायाचित्र घ्यावे आणि पहाटे पाचला, कोणी नळ उघडण्यापूर्वी, पुन्हा घ्यावे. दोन्ही आकडे सारखेच असावयास हवेत. या घरी सहा तासांत ९० लिटर पाणी गेले होते. दिवसाचे ३६० लिटर, महिन्याचे जवळजवळ ११ युनिट. आणि तेही घरातील सर्वजण निद्रिस्त असताना! अशा वेळी पहिला संशय शौचालयातील फ्लशच्या टाकीवर घ्यावा, कारण तेथील गळती आवाज करीत नाही आणि दिसतही नाही. टाकीत खाण्याचा रंग टाकावा आणि अर्धा तास फ्लश ओढू नये. भांड्यात रंग उतरला, तर आतील झडप झिजली आहे असे समजावे. (यासाठी बीटाचा रस घालावा असेही कोणी कोणी सुचवितात, आपल्या घरांत बीट येणार कोठून!) गळणाऱ्या नळाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. सेकंदाला एक थेंब, थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत एकवीस लिटरहून अधिक पाणी जाते. हे सारे नळाच्या आतील एका वायसरपायी.

झडप सापडली, आता ती बदलावयाची कोणी? भाडेकरूचे घर म्हटले की येथेच काम अडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ नुसार घर राहण्यायोग्य व दुरुस्त स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. लेखी सूचना देऊनही त्याने दुर्लक्ष केले, तर भाडेकरूस ठरावीक मर्यादेत स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करता येतो. कलम २९ नुसार पाण्यासारखा अत्यावश्यक पुरवठा तोडण्याचा अधिकार घरमालकास नाही. परंतु एक भेद ध्यानात ठेवावा. आज बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने दिली जातात आणि असा परवानाधारक कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नव्हे. त्याचा खरा आधार करारनाम्यातील शब्द. करारात दुरुस्तीचा उल्लेख नसेल, तर कायद्याची कलमे ऐकवून घरमालकाशी संबंध बिघडविण्यापेक्षा रात्रीच्या दोन छायाचित्रांसह, तारीख घालून, चार ओळींचे पत्र पाठवावे हे उत्तम. आकड्यापुढे वाद फारसा चालत नाही, हा माझ्या नोकरीतील अनुभव आहे. या कुटुंबाचे पत्र गेल्यावर घरमालकाने तिसऱ्याच दिवशी प्लंबर धाडला.

उरलेले पाणी स्वयंपाकघरात जात होते. चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वी सारी घाई असते; जेवणे, भांडी, ओटा, सर्व काही एका तासात. नळ उघडा ठेवून वीस मिनिटे भांडी घासली जातात. आपला नळ किती पाणी देतो, हे बादली लावून पाहावे. पंधरा लिटरची बादली दोन मिनिटांत भरली, तर वीस मिनिटांत दीडशे लिटर झाले, आणि तेही दिवसातून दोनदा. नळ बंद ठेवून भांडी घासली आणि दोन टबांत विसळली, तर चाळीस लिटर पुरतात. येथे महिन्याला साडेसहा युनिट वाचतात. भांड्यांना येणाऱ्या ताईंना हे प्रेमाने समजवावे व टबही आपणच आणून द्यावेत. नळाच्या तोंडाशी बसणारी, पाण्यात हवा मिसळणारी जाळीदार चकती थोडक्या किमतीत मिळते. हाताने फिरवून बसते, भिंत फोडावी लागत नाही आणि घर सोडताना काढून नेता येते. स्नानास फवाऱ्याऐवजी बादली आणि धुण्याचे यंत्र पूर्ण भरल्यावरच लावणे, याविषयी आपल्या वाचकांना अधिक सांगण्याची गरज नाही.

पाणीबचतीचे लेख वाचताना आपल्या घरांत एक अडचण येते, तिचा विचार अन्यत्र सहसा झालेला दिसत नाही. वापरलेले पाणी पिंपात साठवा व संध्याकाळी झाडांना घाला, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. अन्नकण मिसळलेले पाणी साठवून ठेवले, तर अठ्ठेचाळीस मिनिटांनंतर त्यात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, असे आपली परंपरा मानते. आणि साठलेल्या पाण्यात डास होतात, हे तर महानगरपालिकाही सांगते. म्हणून पुनर्वापर करावयाचाच, तर तत्काळ करावा. तांदूळ-डाळी धुतलेले पाणी लगेच कुंडीत जावे. परंतु माझ्या मते आपल्यासाठी पुनर्वापरापेक्षा मुळात कमी वापर हाच मार्ग अधिक योग्य आहे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात पाण्याचा निष्प्रयोजन वापर प्रमादचर्येत, म्हणजे अनर्थदंडातच गणला आहे. गळकी झडप महिनोन्‌महिने तशीच ठेवणे याला दुसरे काय म्हणावे?

आरओ यंत्राचेही तसेच. एक लिटर पाणी शुद्ध करताना साधारणतः दोन ते तीन लिटर पाणी ते मोरीत सोडते. पाण्यातील क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील, तर या यंत्राची गरजच नसते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये अशा ठिकाणी त्याच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. धरणाचे पाणी येत असेल आणि घरात ते गाळून, उकळूनच पिण्याची रीत असेल, तर यंत्र बंद ठेवण्यास हरकत नाही. कूपनलिकेचे जड पाणी असेल, तर यंत्र ठेवावे. मात्र त्याची नळी बादलीत सोडून ते पाणी त्याच वेळी फरशी पुसण्यास घ्यावे. उकळलेल्या पाण्याची मर्यादा श्वेतांबर परंपरेत पावसाळ्यात तीन, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर आहे. चातुर्मासात हंडाभर पाणी उकळून निम्मे परठवण्यापेक्षा दोन वेळा थोडे थोडे उकळावे. पाण्यासोबत गॅसही वाचतो.

या उपायांनंतर त्या कुटुंबाचे तिसऱ्या महिन्याचे बिल ३० युनिटांचे आले. त्यात पर्युषणातील पाहुण्यांचाही वापर आला. आजींची बादली पुन्हा पूर्ण झाली.

जेथे सदनिकेस स्वतंत्र मीटर नाही, तेथे मात्र एवढे फळ मिळत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा खर्च सदनिकेतील नळजोडांची संख्या व आकार यांवरून वाटला जातो. आपण कितीही काटकसर केली, तरी आपला वाटा तोच राहतो. मीटर बसविण्याचा निर्णय सर्वसाधारण सभेचा. तेथे भाड्याने राहणाऱ्यास मत नसते, म्हणून विषय घरमालकामार्फतच मांडावा लागतो.

नवे घर घेणाऱ्यांनी करारनाम्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी मागील सहा महिन्यांची पाण्याची बिले मागून घ्यावीत. पूर्वीच्या भाडेकरूची थकबाकी आपल्या नावे येणार नाही, नळ व फ्लश यांची दुरुस्ती घरमालक करील आणि बिल मीटरप्रमाणेच द्यावयाचे आहे, या तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात. करार नोंदणीकृतच असावा; कलम ५५ नुसार ते बंधनकारक आहे. ताबा घेण्याच्या दिवशी प्रत्येक मीटरचा आकडा करारासोबतच्या सामानाच्या यादीत लिहून त्यावर उभयतांच्या सह्या घ्याव्यात. घर सोडतानाही हेच करावे आणि शेवटचे बिल भरल्याची पावती हाती ठेवूनच अनामत रकमेचे बोलणे काढावे.